जपानी रेस्टॉरंट सजवण्याआधी सुताराशी बोला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेरला तळमजल्यावरचा गाळा घेतलाय, आतून २१ फूट रुंद, ६६ फूट खोल, उंची ११ फूट. सुशी आणि ग्रिल असं जपानी जेवण द्यायचंय, साठ जण बसले पाहिजेत, लूक पारंपरिक हवा पण नकली वाटायला नको. सोबत नमुन्याचे फोटो पाठवलेत. त्यात लाल तोरी कमान आहे, छतभर चेरीची फुलं आहेत, बुद्धाचा मोठा मुखवटा आहे आणि ओळीने लाल कंदील आहेत.

फोटोंचा विषय आधी संपवून टाकू. तोरी ही शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानाची वेस. तिच्या पलीकडे देवाची हद्द सुरू होते. तिच्याखालून बिअरचे ट्रे जाताना जपानी गिऱ्हाइकाला काय वाटेल, ते सांगायला नको. बुद्धाचा मुखवटा ही स्पा-मसाजवाल्यांची खोड आहे, जपानी उपाहारगृहाची नाही. कंदिलांचं थोडं वेगळं आहे. गोल, रेशमी, खाली सोनेरी झुपका असलेला कंदील चिनी. जपानी चोचिन म्हणजे बांबूच्या बारीक कड्यांवर ताणलेला कागद, बहुधा उभट आकाराचा. इझाकाया, म्हणजे दारू आणि चटकमटक खाण्याच्या साध्या अड्ड्याबाहेर, लाल चोचिन खरोखरच टांगतात. तेव्हा हवाच असेल तर एक लावा, बाहेर, दाराशी. चेरीची फुलं मात्र नकोतच. झाडावरचा बहर जेमतेम आठवडा-दोन आठवडे टिकतो, आणि जपानातल्या चांगल्या जागी फुलं, चित्रं, अगदी भांडीसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतात. बारा महिने फुललेलं प्लॅस्टिक तिथे कोणाला पटणार नाही.

आणखी एक, कारण हे हमखास होतं. भिंतीवर किमोनो लावणार असाल किंवा वेटरना तशा धाटणीचा अंगरखा शिवणार असाल, तर नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांतले जपानी लोक तुमच्याकडे येणार आणि जपानी शिकलेले पुणेकरही येणार. पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी नजरेला ते पडेल.

आता मुद्द्याचं. 'पारंपरिक जपानी' असं एकच काही नसतं. सुशीचा आजचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, रस्त्यावरच्या गाड्यांवर वाढला. लोक उभ्याने दोन घास खाऊन पुढे जायचे. इझाकाया दाटीवाटीचा आणि गोंगाटाचा, भिंतीवर पदार्थांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. काइसेकी, म्हणजे एकामागून एक पदार्थ येणारं औपचारिक जेवण, देणाऱ्या ऱ्योतेईत स्वतंत्र खोल्या, ताताम्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटया, बाहेर बाग. आणि तुमच्या मनात जो 'झेन' साधेपणा आहे तो चहाच्या खोलीतून आलेला. हे सगळं एका गाळ्यात कोंबलं की थीम पार्क होतं. सुशी आणि ग्रिल म्हणताय तर तुमचा जीव काउंटरमध्ये आहे. काउंटर मुख्य, वागणं इझाकायाचं मोकळं, आणि चहाच्या खोलीकडून फक्त शिस्त घ्यायची. माझा सल्ला एवढाच.

'वाबी-साबी', म्हणजे साधेपणातलं आणि अपूर्णतेतलं सौंदर्य, असं तुम्ही दोन-तीनदा लिहिलंय म्हणून सांगतो. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहाच्या गुरूच्या नावावर असलेली 'ताइआन' ही खोली क्योतोजवळ यामाझाकीला आजही उभी आहे. बसायची जागा दोन ताताम्यांची. मातीची भिंत, त्यात पेंढ्याचे तुकडे दिसतात, खांबांना चकाकी नाही. पण त्या खडबडीत भिंतीमागे फार तयारीचा गवंडी आहे. आपल्याकडे 'वाबी-साबी' ऐकलं की कंत्राटदार प्लास्टर अर्धवट सोडून 'रस्टिक आहे साहेब' म्हणतात. रस्टिक काम महाग असतं, हे बजेट करताना धरून चाला.

गाळ्याचा आकार मात्र तुम्हाला लाभलाय. क्योतोची जुनी दुकानवजा घरं, माचिया, अशीच असतात: रस्त्याकडे तोंड अरुंद, मागे लांबच लांब, मध्ये एक चिमुकला चौक. तिथे अशा घरांना 'ईलचं अंथरूण' म्हणतात. गाळ्याची लांबी लपवायचा प्रयत्न करू नका. दारातून शेवटची भिंत दिसली नाही की ६६ फूट आपोआप मजेचे वाटतात. दारातून आत आल्यावर माणूस एकदा वळला पाहिजे. समोर सहा-सात फुटांवर जाळीची आडभिंत, तिच्याशी काळा पाषाण आणि पाण्याचं दगडी कुंड, मग उजवीकडे वळून काउंटर. मधला चौक आपल्याला उघडा मिळणार नाही, पण बरोबर मध्यावर ६ बाय ६ फुटांचा तुकडा टेबलांविना सोडा. जपानी मापात हे एक त्सुबो, म्हणजे दोन ताताम्या. तिथे शेवाळाचा देखावा करू नका, एसीत तो मरतो. खडी, एक दगड आणि सावलीत जगणारं एखादं झाड पुरे. वळण आणि आडोसा कसा काम करतो ते बघायला तोक्योला जायची गरज नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. सकाळी गर्दी नसताना एकदा चालून या आणि पुढचं काय कधी दिसतं, कधी लपतं, तेवढंच बघा.

आता मापं. जपानी खोली बघताक्षणी शांत वाटते याचं मोठं कारण म्हणजे सगळं एकाच मापाच्या पटीत असतं. तातामी साधारण ९१ बाय १८२ सेंटिमीटर, म्हणजे ३ बाय ६ फूट. प्रांताप्रमाणे थोडा फरक पडतो, क्योतोची मोठी आणि तोक्योची लहान. खांबांमधलं अंतर, सरकते दरवाजे, कपाटं, सगळं त्याच हिशेबात. तुमचा गाळा ३ फुटांच्या चौकटीत ७ बाय २२ घरांचा नीट बसतो, हे नशीब. आर्किटेक्टला सांगा की पहिली रेघ मारायच्या आधी ही चौकट कागदावर आखायची आणि जाळी, बाक, दिवे, जमिनीचे सांधे, एसीची तोंडं सगळं तिच्यावरच बसवायचं. आपल्याकडे प्लाय ८ बाय ४ ची, त्यामुळे कंत्राटदार नकळत सगळं ४ फुटांत नेतो. ६ बाय ३ चे तावही मिळतात, तेच मागवा.

रुंदीची सात घरं अशी वाटता येतील: एक शेफला, एक काउंटरला, एक खुर्चीला, एक जायच्या वाटेला, उरलेली तीन टेबलांना. मागे स्वयंपाकघर, भांडी धुण्याची जागा, स्टोअर आणि टॉयलेट यांत पाचशे चौरस फूट सहज जातील. उरलेल्या जागेत चाळीस-बेचाळीस जण नीट बसतील. साठ बसवलेत तर ही सगळी चर्चा इथेच थांबवा आणि फूड कोर्ट काढा.

उभं मापही तितकंच महत्त्वाचं. जुन्या जपानी घरात सरकत्या दरवाजाची उंची साधारण १७६ सेंटिमीटर असे. आज तेवढी ठेवली तर कपाळमोक्ष होईल. पण २ मीटरवर एक सलग लाकडी पट्टी सगळ्या खोलीभर फिरवा; जाळ्या, दरवाजे, कोनाडे सगळं तिच्याखाली, आणि वर फक्त साधी भिंत. नजर तिथे थांबते आणि ११ फुटांचा गाळा एकदम घरगुती होतो. छत खाली आणायचं नाही. डक्ट आणि पाइप गडद करड्या रंगात रंगवून सोडून द्या.

काउंटरवर मी जास्त बोलणार आहे, कारण पैसे इथेच घालायचे. सुशी काउंटरवर गिऱ्हाईक आरामात, टेबलाच्या उंचीवर बसतं आणि शेफ उभा असूनही दोघांच्या नजरा जवळपास एका पातळीवर येतात. त्यासाठी जपानात पुष्कळ ठिकाणी शेफच्या बाजूची जमीन खाली घेतात. आपल्या आरसीसी स्लॅबमध्ये ते जमत नाही. मग गिऱ्हाइकाची बाजू पाच-सहा इंच उचलायची. शेफचा ओटा ३४ इंचांवर, गिऱ्हाइकाची फळी त्याच्या जमिनीपासून २८-२९ इंचांवर. बारच्या उंच स्टुलांवर सुशी खायला घालू नका, पाय लोंबकळत माणूस तासभर बसत नाही. पण उचललेल्या भागाला एका टोकाला उतार द्या आणि व्हीलचेअरसाठी खालच्या पातळीवर दोन टेबलं राखा. माणशी २५-२६ इंच रुंदी धरा. आठ जणांना १७ फूट पुरतात, म्हणजे सहा घरांत बसलं.

लाकूड? जपानात काउंटरला हिनोकीची, म्हणजे तिथल्या फिकट रंगाच्या सायप्रसची, अखंड फळी हे वैभव समजतात. ती आणवायच्या भानगडीत पडू नका. किंमत तर आहेच, शिवाय इथल्या हवेत ती कशी वागेल याची हमी कोण घेणार. देवदार सुचवणारे भेटतील. दिसायला ठीक, पण त्याचा वास इतका उग्र की माशाची चव मारतो. सागवान रंगाने गडद, हिनोकीचा फिका उजेड त्यात येत नाही. मी शिवण घेतो. फिकट पिवळसर, हलकं, कमी वाकणारं, रंध्याखाली गुळगुळीत होणारं आपल्याच जंगलातलं लाकूड. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारा, पण सीझन केलेलंच घ्या आणि पावसाळ्याआधी घेऊन ठेवा. एवढी रुंद अखंड फळी मिळणार नाही. दोन इंच जाडीच्या तीन फळ्या लांबीत जोडायच्या आणि रेषा जुळवायच्या. मेलामाइन-पीयूचं चकचकीत पॉलिश नको. अन्नाला चालेल असं मॅट तेल लावा. सोया सॉसचे डाग पडणार. वर्षातून एकदा हलका रंधा मारून पुन्हा तेल, हे खर्चात धरा. हाताला जी फळी लागते तीच गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते, भिंतीवरचं चित्र नाही.

शोजी, म्हणजे कागदी जाळीचे पडदे, आपल्याकडे जवळजवळ नेहमी बिघडतात, आणि कारण एकच: सुतार त्यांना दरवाजा समजून करतो. त्यामुळे जाळीच्या पट्ट्या इंचभर जाड होतात आणि तुरुंगाचं गज-दार तयार होतं. पट्टी समोरून ९ मिलिमीटर, खोलीला १५. बाहेरची चौकट ३० मिलिमीटर, बस. जिथे पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे खाचेत खाच, खिळा नाही, पिनगनही नाही. घरं चौकोनी नकोत, आडवी किंवा उभी लांबट ठेवा. कागद जाळीच्या मागच्या अंगाला चिकटवायचा, जेणेकरून बसणाऱ्याला लाकूड पुढे आणि उजेड मागे दिसतो. मागून एलईडी पट्टी लावणार असाल तर ती कागदापासून निदान चार-पाच इंच लांब आणि मागच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून, नाहीतर ठिपक्यांची रांगोळी दिसते. कागदाचं बोलायचं तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद उत्तम आहे, पण तो सुती चिंध्यांचा, आखूड तंतूंचा. मेनू कार्डांना आणि भिंतीला वापरा, शोजीला नको. वाशी, म्हणजे जपानी हातकागद, कोझो या झाडाच्या सालीच्या लांब तंतूंची असते, म्हणून पातळ असूनही तग धरते. नेपाळचा लोकता कागद त्याच्या बराच जवळ जातो. आणि जिथे खुर्च्या, मुलं, ट्रे घासणार तिथे प्लॅस्टिकच्या दोन थरांत दाबलेली वाशी लावा. जपानातल्या पुष्कळ रेस्टॉरंटांतही हीच असते, त्यात कमीपणा नाही.

भिंतींना टेक्स्चर पेंट लावू नका. चुन्याचा गिलावा करा: महिनाभर भिजवलेला चुना, दगडाची बारीक भुकटी, त्यात भाताच्या पेंढ्याचे कापलेले तुकडे आणि थोडी पिवळी माती. आपल्या वाड्यांत चुन्यात गूळ-हिरडा घालत, जपानी शिक्कुई गिलाव्यात समुद्री शेवाळाची खळ आणि तागासारखे तंतू. कारागीर एकमेकांची भाषा न कळताही एकमेकांचं काम ओळखतील. फक्त लोकांचे खांदे आणि खुर्च्यांच्या पाठी जिथे घासतात तिथे हा गिलावा झडतो. चहाच्या खोलीत कपड्यांना माती लागू नये म्हणून भिंतीच्या पायथ्याला कागद चिकटवतात. तीच युक्ती तुम्ही तीन फुटांपर्यंत लाकडी पट्ट्यांनी किंवा जाड हातकागदाने करा.

मागच्या बाजूला बसायच्या तीन खोल्या हव्यात असं दिसतंय. तिथे जमिनीवर मांडी घालून बसवण्याचा हट्ट करू नका, चाळिशीपुढचं गिऱ्हाईक गुडघे धरून उठेल. होरीगोतात्सू करा: १६ इंच उंच चौथरा, त्यावर ताताम्या, मध्ये टेबलाखाली पाय सोडायला तेवढाच खोल खड्डा. टेबल तातामीपासून १३-१४ इंच वर. स्लॅबला हात लावावा लागत नाही. चौथऱ्याला एक मधली पायरी, पायरीखाली चपलांचे खण. बूट काढून वर चढायचं हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, हा मोठा फायदा. गवताची अस्सल तातामी पुण्याच्या पावसाळ्यात एसी बंद झाला की बुरशी धरते. पिळलेल्या कागदी दोऱ्याची तातामी घ्या, दिसायला जवळपास तशीच आणि पुसता येते. मांडणी करताना चार कोपरे एका बिंदूत येऊ देऊ नका, तशी मांडणी अशुभ प्रसंगाची समजतात. एका खोलीत तोकोनोमा, म्हणजे फूल आणि लटकतं चित्र ठेवायचा कोनाडा, जरूर करा. त्याचा खांब मात्र नवा नको. जुना वाडा पाडला की सागवानी खांब विकायला येतात, त्यातला एक घासून पुसून, पॉलिश न करता उभा करा. कोनाड्यात एका वेळी एकच वस्तू, आणि ती दर महिन्याला बदलणारा माणूस नेमलेला हवा. नाहीतर तिथे वायफायचा राउटर येतो.

दिवे कमी. २७०० केल्विन, रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वर, कारण माशाचा रंग फिका दिसला तर गिऱ्हाईक ताजेपणावर शंका घेतं. उजेड टेबलावर आणि फळीवर पडू दे, चेहऱ्यावर तो तिथूनच उसळून येतो. वाटेवर जमिनीलगत मंद दिवे. छतात दर चार फुटांवर डाउनलाइट मारायची इलेक्ट्रिशियनची सवय असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. कागदी दिवा टांगायचा असेल तर शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९५१ पासून गिफूच्या कंदील-कारागिरांबरोबर केलेले 'आकारी' दिवे बघून घ्या, म्हणजे कागद, बांबू आणि प्रमाण यांचं नातं कळेल.

दाराशी नोरेन लावा. फाटे पाडलेला हा सुती पडदा दुकान उघडलं की टांगतात आणि बंद करताना आत घेतात. निळीत रंगवलेली जाड खादी याला फार शोभते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी दारासमोर पाणी शिंपडायची जपानी रीत म्हणजे आपला सडाच. तेवढं रोज केलंत तरी पुरे.

आगीचं वेगळं सांगतो, कारण या शैलीत कागद, कापड, गवत, बारीक लाकूड हे सगळं पेटणारं आहे आणि तुम्ही कोळशाचा ग्रिल ठेवणार आहात. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. ग्रिलपासून सहा फुटांत कागद नको, तिथे चुना, दगड आणि काच. लाकडी जाळ्यांना अग्निरोधक लेप सुताराच्या शेडमध्येच लावून आणा, नंतर कोपऱ्यांत पोचत नाही. छतातल्या स्प्रिंकलरसमोर लाकडी पट्ट्या येऊ देऊ नका. दुसरं दार स्टोअरच्या खोक्यांनी भरणार नाही याची व्यवस्था नकाशातच करा.

पैशांचा क्रम माझ्या मते असा: काउंटरची फळी, मग सुतारकाम, मग दिवे, मग चुन्याचा गिलावा. खुर्च्या साध्या घ्या. सजावटीच्या वस्तूंसाठी वेगळी रक्कम ठेवूच नका, भांडी चांगली घ्या, तीच टेबलावर दिसतात. कंत्राटावर सही करण्याआधी सुताराकडून एक ३ बाय ६ ची शोजी आणि काउंटरचा दोन फुटांचा तुकडा करवून घ्या, त्याचे पैसे वेगळे द्या. ती चौकट गाळ्यात उभी करून रात्री आठला मागे दिवा लावून बघा. पट्टी जाड वाटली तर तेव्हाच बोलता येईल, तीस चौकटी झाल्यावर नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही आणि तीच मला आधी हवी आहे: ग्रिलचा एक्झॉस्ट कुठून बाहेर काढताय? वर राहती इमारत असेल तर डक्ट थेट गच्चीपर्यंत न्यावा लागेल आणि त्याला सोसायटीची लेखी परवानगी लागेल. ती मिळाली नाही तर कोळसा रद्द, ग्रिलची जागा बदलणार आणि मी वर मांडलेली सात घरांची वाटणीही बदलणार. तेवढं ठरलं की खांबांच्या जागा आणि डक्टचा मार्ग दाखवणारा नकाशा पाठवा, मग बसायच्या व्यवस्थेवर नेमकं बोलता येईल.